पाच सदरे आणि एक नाकेदार

म्हाताऱ्या बैलाला तरणा करून विकणं हे पाप आहे, असं म्हणणाऱ्यांनी ते एकदा करून पाहावं. ते पाप नाही, मेहनत आहे.

शिंगं काचेनं खरवडायची, त्यावर तेल चोपडायचं, मिठाचं पाणी पाजून पोट टम्म करायचं, आणि गिऱ्हाईक समोर आलं की शेपटीला बारीकसा पीळ द्यायचा. बैल असा उसळतो की त्याला स्वतःलाच आपल्या वयाचा विसर पडतो! मी नळदुर्गचा बैलांचा दलाल. निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. बाप गेला तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो, भाऊ नामा दोन वर्षांचा आणि बहीण कौसा पाळण्यात. दुसऱ्यांचे बैल हाकत बाजाराला जाणारा मी पाचसात वर्षांत असा झालो की मी आल्याशिवाय बाजार सुरू होईना. हे मी कुणाच्या मेहरबानीवर केलेलं नाही. तोंडावर केलं आहे. (तोंड हेच माझं भांडवल. अधूनमधून ते बुडीतही जातं.)

कौसा पंधरा वर्षांची झाली आणि माकणीच्या एका मोठ्या शेतकरी घरात तिचं लग्न ठरलं. नवरदेवाला बाप नव्हता. सगळा कारभार चुलत्याच्या हातात, त्यांना सगळे तात्या म्हणत. सुपारी फुटली, पान-तंबाखू झालं आणि तात्या मिशीवरून हात फिरवत भर बैठकीत म्हणाले, "दलालाचं घर हाय बाबा. वऱ्हाडाला तेवढं झुली पांघरून बसवू नका म्हंजे झालं."

बैठक हसली. माझी आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, तीही हसली! (तिचं म्हणणं, ती ठसकली. मी तिच्या शेजारी होतो. ती हसली.)

मी तिथंच मनात शपथ घेतली. घरातल्या प्रत्येकाच्या अंगावर सोलापूरचं कापड असेल. तात्यांनी ते बोटांनी चाचपून पाहावं आणि त्यांची मिशी खाली यावी. आणि काही झालं तरी त्या माणसापुढं मी मान लववणार नाही.

आता अडचण अशी की सोलापूर इंग्रजाच्या मुलखात आणि नळदुर्ग निजामाच्या. मध्ये हद्दीवर करोडगिरीचा नाका, म्हणजे जकातीची चौकी. नवं कापड आणलं की जकात भरा. पण अंगावरच्या वापरत्या कपड्यांना जकात नव्हती. हे कळलं तेव्हा मला हसूच आलं. जो माणूस म्हातारा बैल तरणा करतो, त्याला नवं कापड म्हातारं करणं काय अवघड? काम तेच. नुसतं उलटं.

वैशाख होता. लग्नाला चार दिवस उरलेले. मी, आक्का, नामा आणि कौसा असे चौघे सोलापूरला गेलो. दुकानदार मोठा गोड माणूस. मी दोन तास त्याच्याशी भांडलो. त्यानं भाव सांगितला की मी उठायचो, मी उठलो की तो हात धरून बसवायचा. भाव उतरला की दर वेळी तो गड्याला हाक मारायचा, "आतला माल आण रे, ह्यांच्यासाठी." गडी आतून तसाच दिसणारा गठ्ठा घेऊन यायचा. आतला माल! मला वाटलं, ह्यानं ओळखलं, समोर कोण बसलंय ते.

शालू, लुगडी, धोतरं, तयार सदरे, लाल फेटे. ते सगळं गाठोडं घेऊन आम्ही धर्मशाळेच्या मागच्या अंगणात गेलो आणि तिथं मी पोरांची शाळा घेतली. कपडा ह्या विषयावर मी आयुष्यात दिलेला तो पहिला आणि शेवटचा धडा.

"ऐका," मी म्हटलं. "नवा कपडा चार गोष्टींनी वळकू येतो. चकाकी, वास, घडी आन् छाप. चकाकी धुळीनं जाती. चला, लोळा."

"आँ?" नामा म्हणाला. तो सतरा वर्षांचा, उंच, आणि नुकताच आरशात बघू लागलेला.

"लोळ म्हणतोय ना! बैल लोळतोय तसा. पाठीवर."

"अण्णा, नव्या सदऱ्यानिशी?"

"नव्या पाच सदऱ्यानिशी! एकावर एक घाल. सगळ्यात वरच्यानं लोळ. मंग तो आत घाल, आतला वर काढ, आन् पुन्हा लोळ."

नामा लोळला. पाच सदरे, तीन धोतरं. धोतराच्या टोकाला गिरणीचा निळा छाप असतो, मोराचा. तो छाप आत पोटाशी खोचायचा, म्हणजे दिसणार नाही, हीही माझीच अक्कल. वास घालवायला चुलीतली राख चोळली. घड्या मोडायला कपडे पिळून काढले. कौसाला तीन लुगडी एकावर एक नेसवली आणि मग मी चालीकडं वळलो.

"नवा कपडा घातलेलं माणूस ताठ चालतंय. तुमी वाकून चाला. आन् कौसे, तू हसू नको. नवं लुगडं नेसलेली पोरगीच तेवढी हसती."

"मंग काय करू?"

"रडकं तोंड कर."

"ते झालंयच की," कौसा म्हणाली.

शालूचा प्रश्न आला तेव्हा मात्र आक्का मध्ये पडली. "हळद लागायच्या आदी नवरीनं शालू नेसू न्हाई. म्या नेसते आतून. आन् ह्याला राख लावशील तर हात मोडीन."

आक्का मुळातच भरगच्च बाई. तिनं आत शालू, त्यावर दोन लुगडी आणि त्यावर आपलं जुनं लुगडं नेसलं. ती अंगणातून दाराकडं निघाली आणि दारात अडकली. मी आणि नामानं मागून रेटा दिला. धर्मशाळेचा रखवालदार हातातली चिलीम विसरून बघत राहिला. मी स्वतः तीन सदरे, दोन उपरणी आणि डोक्याला एकावर एक दोन लाल फेटे बांधले. माझी सावली भिंतीवर पडली ती मी पाहिली. आडावर रहाट ठेवलाय असं वाटत होतं.

लढाईचे दिवस, पेट्रोल मिळत नव्हतं. नळदुर्गला परतणारी मोटार कोळशावर चालायची. मागं शेगडी, वर ऊन, आत आम्ही. पहिल्या कोसातच नामाचा घाम सदऱ्यांच्या तिसऱ्या थरापर्यंत आला. दुसऱ्या कोसाला आक्का म्हणाली, "अण्णा, म्या मेले तर मला ह्यातल्या एकाच लुगड्यात जाळ. बाकीची पोरीला दे." शेजारचा एक म्हातारा आमच्याकडं बघून सारखा सरकत होता. त्याला आम्हाला हिवताप झालाय असं वाटलं असावं.

नाक्यावर मोटार थांबली. लिंबाखाली एक खाट, एक टेबल, आणि टेबलामागं नाकेदारसाहेब. साठीकडं झुकलेले, काटक, पांढरी दाढी नीट राखलेली. अंगात काळी शेरवानी, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. त्या उन्हात त्या माणसाच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. त्यांच्या पांढऱ्या पायजम्याकडं बघून मला उगाचच आपले पाय मागं घ्यावेसे वाटले.

"तशरीफ ठेवा," ते म्हणाले. "सामान?"

"काई न्हाई साहेब. अंगावरचं तेवढं. जुनं."

त्यांनी आमच्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. बैलाच्या बाजारात मी शेकडो पारखी पाहिलेत. तोंड उघडतात, खूर उचलतात, पाठीवर थाप मारतात. ह्या माणसानं हात मांडीवरून उचलला नाही. डोळे फक्त माझ्या डोक्यापासून खाली आले, मग नामावर गेले आणि तिथंच थांबले.

"ताई, खाटेवर बसा. पाणी घ्या," ते आक्काला म्हणाले. बायकांकडं त्यांनी पुन्हा नजर वळवली नाही.

"म्या उभीच बरी," आक्का म्हणाली. ती बसूच शकत नव्हती. पण पाण्याचा तांब्या पाहिला आणि तिनं धीर केला. खाट करकरली आणि जुन्या लुगड्याखालून शालूचा जरीकाठ डोकावला. आक्का बसली, आणि बसली ती बसलीच. नंतर तिला उठवायला तिघं लागले.

"बेटा, इकडं ये," नाकेदारांनी नामाला बोलावलं. "हा सदरा किती दिवसांचा?"

"सा महिन्यांचा," नामा म्हणाला. मी शिकवलं होतं.

"सहा महिन्यांचा." त्यांनी मान हलवली. "बेटा, कपडा माणसासारखाच म्हातारा होतो. सगळीकडून एकदम न्हाई. आधी गळा. मान घासते, घाम बसतो, तिथं पट्टी पिवळी पडते. मग बाह्यांची टोकं. मग कोपरं. तुझा सदरा पाठीवर मातीनं माखलाय आन् गळा कसा आहे? कोरा. तू सहा महिने काय करत होतास? पाठीवर झोपून होतास, मान न हलवता?"

मोटारीतले लोक खाली उतरून बघू लागले होते. ते हसले. नामाही हसला! मला वाटलं, पोरगं घाबरेल. ते तर डोळे विस्फारून त्यांच्याकडं बघत होतं, एखाद्या जादूगाराकडं बघावं तसं.

"आन् काजं बघ," ते म्हणाले. "बटणाच्या काजाचा दोरा अजून चमकतोय. ही राख आहे ना? राख चुलीपाशी बसणाऱ्याच्या पदराला लागते. तुझ्या काखेत कशी आली?"

"साहेब," मी मध्ये पडलो, "आमच्या गावाकडं वारा लई हाय."

"काखेत?"

मी गप्प बसलो. माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ.

नामाला उकाडा सहन होईना. त्यानं वारा घ्यायला पाचही सदरे एकदम वर उचलले आणि सगळ्या नाक्यानं पाहिलं. त्याच्या घामेजल्या पोटावर एक निळा मोर उमटला होता! पिसारा फुलवलेला, डोकं खाली, पाय वर. त्याखाली उलट्या अक्षरांत गिरणीचं लिहिणं.

मग कौसा, जिला रडकं तोंड करायला सांगितलं होतं ती, तिन्ही लुगड्यांसकट खदखदून हसली. आक्का हसली तशी खाट हलली.

"हा मोर सहा महिन्यांचा न्हाई," नाकेदारसाहेब शांतपणे म्हणाले. "आज सकाळचा आहे."

आता एकच मार्ग होता. माझा. मी पुढं झालो आणि अंगावरचं नवं उपरणं हातावर पसरलं. बैलाचा सौदा असाच होतो. उपरण्याखाली हात घालायचा, समोरच्याची बोटं धरायची, आणि कुणाला न कळता भाव सांगायचा. म्हटलं, साहेब, तुम्ही बोटं धरा, काय ते ठरवू. (हे चूक होतं हे मला आज कळतं. तेव्हाही कळत होतं. पण हाताला सवय वाईट.)

त्यांनी माझ्याकडं क्षणभर पाहिलं आणि हात उपरण्याखाली घातला. मी खूश! पण बोटांना बोटं लागेनात. ते उपरण्याचा काठ चिमटीत धरून चोळत होते. मग हात बाहेर काढून त्यांनी मला बोटं दाखवली. लाल.

"रेशमी काठ सांगून दिलं?"

"व्हय."

"सूत आहे. रंग कच्चा. किती घासाघीस केली?"

"दोन तास," मी म्हटलं. आवाजात अजून थोडा अभिमान होता.

"भाव उतरला की दुकानदार काय करत होता?"

"गड्याला सांगून आतला माल मागवत..."

बोलता बोलता मी थांबलो. आतला माल! प्रत्येक वेळी भाव एक पायरी खाली आणि माल दोन पायऱ्या खाली! म्हातारा बैल मी इतके दिवस विकला होता. त्या दिवशी मी तो विकत घेतला होता, आणि जिंकलो म्हणून घरी निघालो होतो. मी कपाळावर हात मारला. हातही लाल झाला. दोन्ही फेट्यांचा रंग घामानं सुटून कानामागून माझ्या गळ्यापर्यंत उतरला होता, आणि हे सगळे लोक मघापासून ते बघत होते.

मला राग आला. दुकानदाराचा, नाक्याचा, तात्यांचा. "घ्या मग!" मी ओरडलो. "घ्या समदं जप्त करून! पोरीच्या लग्नाला नागवं उभं ऱ्हातो आमी!"

"अण्णा, वरडू नका," कौसा म्हणाली. मग तीच पुढं झाली. "साहेब, माजं लगीन हाय चार दिसांनी. हे माज्यासाटी केलंय त्यांनी. त्यांना कापडातलं कळत न्हाई, बैलातलं कळतंय."

नाकेदारसाहेब काही वेळ तिच्या पायांकडं, म्हणजे लुगड्याच्या काठाकडं बघत राहिले. मग त्यांनी दौत पुढं ओढली.

"जकात नव्या मालाच्या किमतीवर असते," ते म्हणाले. "हे सदरे, धोतरं, लुगडी, फेटे. ह्यांना आज बाजारात कोण विकत घेईल? एका सकाळीत दलालसाहेबांनी ह्यांची किंमत संपवली. मी जुने कपडे म्हणून लिहितो. जे आहे ते लिहितो." मग थोडं थांबून, "ताईंनी आत जे नेसलंय, त्याची मात्र जकात पडेल. आज तुमच्याकडं कपड्यासारखा वागवलेला तेवढा एकच कपडा आहे."

मी जकात भरली. माझी युक्ती फळाला आली होती! बाकीचा माल नाक्यावरून फुकट सुटला होता, फक्त तो माल उरला नव्हता. चार दिवसांनी तात्यांसमोर आम्ही राख, माती आणि मोर घेऊन उभे राहणार होतो. झुली बऱ्या म्हणायची वेळ.

मोटारीच्या शेगडीत कोळसा भरायला वेळ लागत होता. नामा हलेना. त्यानं हळूच विचारलं, "साहेब, तुमची शेरवानी नवी हाय का?"

"मी नोकरीला लागलो तेव्हाची. बावीस वर्षं झाली."

आम्ही सगळे पुढं सरकलो.

"हिला सात ठिकाणी रफू आहे," ते म्हणाले. "शोधा."

नामानं शोधलं, कौसानं शोधलं. मग मी शोधलं. मी, ज्याला बैलाच्या अंगावरचा मुरडलेला केस दिसतो! बाही बघितली, खांदा बघितला, मागून गेलो, पुढून आलो, उन्हाकडं तोंड करून बघितलं. एकही सापडलं नाही. त्या काळ्या कापडावर बावीस वर्षं गेली होती आणि जाताना पाऊलसुद्धा उमटवून गेली नव्हती. मी आयुष्यात फार कमी वेळा कुणापुढं मनातून हात जोडलेत. त्या दिवशी जोडले. (मनातूनच. वरून मी खाकरलो.)

"फाटलं त्याच दिवशी शिवायचं," ते पोरांना सांगत होते. "उद्या म्हटलं की भोक मोठं होतं. घरी गेलं की आधी काढायची, झटकायची, सावलीत टांगायची. घडीत लिंबाचा पाला ठेवायचा. आन् धुताना कापड दगडावर आपटू नका. मळ दगडाला भीत न्हाई, कापड भितं."

"आन् हे आमचं? हे निघंल का?" कौसानं विचारलं.

"निघेल. कच्चा रंग थंड पाण्यात मीठ आन् तुरटी घालून बसवा. गरम पाणी लावाल तर सगळा धुऊन जाईल. प्रत्येक रंग वेगळ्या भांड्यात. पांढरं सगळं सोड्यात उकळा, मग निळीचं पाणी, मग तांदळाची पातळ खळ. पातळ! कपडा उभा राहायला नको, बसायला पाहिजे. शालूला रिठा, आन् पिळायचा न्हाई, धोतरात गुंडाळून दाबायचा."

"साहेब, मला काय शोभंल?" नामानं विचारलं आणि कानापर्यंत लाल झाला. (त्याच्या डोक्याला फेटा नव्हता, तो लाजेनंच लाल झाला.)

त्यांनी प्रश्न हसण्यावारी नेला नाही. पोराला मागं-पुढं वळवून पाहिलं. "तू उंच आहेस. आखूड कोट घालू नको, बगळा दिसशील. गुडघ्यापर्यंत घाल. आन् पाच सदरे न्हाई, दोन ठेव. एक अंगावर, एक धुऊन. दोनच असतील तर माणूस त्यांना नावानं ओळखतो."

मी त्याला आयुष्यभर एवढं शिकवलं, पण माझं बोलणं त्यानं कधी असं तोंड उघडं ठेवून ऐकलं नव्हतं. ते मला लागलं. आजही लागतं.

निघताना कौसानं त्यांना लग्नाचं आमंत्रण दिलं. मला विचारलंही नाही.

पुढचे तीन दिवस आमच्या घरात माझं राज्य नव्हतं. बोरी नदीच्या काठावर पोरांनी हंडे मांडले, चुली पेटवल्या. नामा, जो कधी स्वतःचा पंचा वाळत घालत नव्हता, तो सदऱ्यांच्या गळपट्ट्या दोन बोटांनी चोळत बसला. कौसा तुरटीचा खडा पाण्यात फिरवून जिभेनं चव घेऊन बघत होती. इस्तरी नव्हती, तर नामानं पितळी तांब्यात निखारे भरले आणि तांब्याच्या बुडानं सदरे दाबले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी नदीवर गेलो आणि किल्ल्याच्या तटाखाली उभा राहिलो. झुडपांवर, दोरीवर, खडकावर कपडे वाळत होते. पांढरे इतके पांढरे की डोळे बारीक करावे लागले. लुगड्यांचे रंग थंड बसलेले, उजळ न होता खोल झालेले. सोलापूरच्या त्या दुकानदारानं पाहिलं असतं तर त्यानं ते परत विकत घेतले असते, आणि चांगला भाव दिला असता. पंधरा आणि सतरा वर्षांच्या दोन पोरांनी हे केलं होतं.

"अण्णा, तुमचा फेटा द्या," नामा म्हणाला. "त्याचा रंग बसवायचा ऱ्हायलाय."

तिथं माझं डोकं फिरलं. "आता माज्या डोक्याला नाकेदाराची अक्कल लावता? मला शिकवता? फेटा हाय तसाच बांधीन!"

"पर अण्णा, रंग..."

"वाळलाय तो आता! जा!"

लग्न लागलं. तात्या आले ते सरळ नामाच्या बाहीला हात घालून. त्यांनी कापड चोळलं, बोटं पाहिली. कोरी! आक्काचा पदर लांबूनच न्याहाळला. माझ्या घरातलं प्रत्येक माणूस चांदीच्या रुपयासारखं दिसत होतं. तात्यांची मिशी खरंच खाली आली. ते काही बोलले नाहीत, आणि न बोलता त्यांना फार त्रास होत होता हे मला दिसत होतं. पुढच्या रांगेत नाकेदारसाहेब बसले होते, त्याच शेरवानीत. दुपारभर मी मांडवात छाती काढून फिरलो.

वैशाखातलं दुपारचं ऊन. पाठवणीची वेळ झाली. कौसा एकेकाच्या गळ्यात पडून रडत होती. आक्काच्या गळ्यात पडली, नामाच्या पडली. मग माझ्याकडं आली. पाळण्यात असल्यापासून वाढवलेली पोर. माझेही डोळे भरले. मी हात पसरले. ती आली, आणि हातभर अंतरावर थांबली. हुंदका गिळून कानाशी म्हणाली,

"अण्णा, आदी फेटा उतरा. कानामागनं लाल ओघळ यायलाय. शालूला लागंल."

"भर मांडवात? तात्यांच्या म्होरं?"

"मंग म्या जाते तशीच. गळ्यात न पडता."

मी फेटा उतरवला. आता तो ठेवायचा कुठं? इकडं पांढऱ्या गाद्या, तिकडं पांढरी धोतरं, जिकडं बघावं तिकडं पोरांनी धुतलेलं! कोरी जमीन तेवढी तात्यांच्या पायापाशी होती. मी तिथं वाकलो.

वाजंत्री थांबली. मी मान वर केली तर तात्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मुलीकडच्यानं पागोटं वरपक्षाच्या पायावर ठेवणं ह्याहून मोठी विनवणी आपल्याकडं नाही. "अण्णा! आवो हे काय करायलाव!" म्हणत त्यांनी मला दोन्ही हातांनी उचललं आणि छातीशी धरलं. "दलाल म्हणलो, चुकलं माजं. पोरीसाटी पागोटं ठिवलंव तुमी! एवढा मोठा माणूस म्या पाह्यला न्हाई!" त्यांनी सोडलं तेव्हा त्यांच्या कोऱ्या पांढऱ्या अंगरख्याच्या खांद्यावर माझ्या कानाचा ठसा होता. लाल.

नाकेदारसाहेब उठले. सावकाश आले, खिशातला घडीचा रुमाल उघडला आणि मानाचं वस्त्र घालावं तसा तात्यांच्या त्या खांद्यावर टाकला. माझ्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. कौसा माझ्या गळ्यात पडून रडली, आणि शालूला थेंब लागला नाही.

माकणीत आजही सांगतात की नळदुर्गच्या दलालानं बहिणीसाठी तात्यांच्या पायावर पागोटं ठेवलं. ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. मी त्या माणसापुढं कधीही वाकलो नाही! एकदा खुलासा करायला म्हणून तोंडही उघडलं होतं. मग ध्यानात आलं की त्यासाठी सोलापुरात मी फसलो हे आधी सांगावं लागतं.

तोंड मिटलं. तात्यांच्या पायावर ठेवला, तर ठेवला.